थॉमस विल्फ्रेड

थॉमस विल्फ्रेड (जन्म : १८ जून १८८९, नेस्टवेड, डेन्मार्क, मृत्यू : १९६८, न्यू यॉर्क राज्य, अमेरिका) हे डॅनिश-अमेरिकन कलावंत, ल्यूटवादक आणि यंत्ररचनाकार होते. त्यांचे मूळ नाव रिचर्ड एडगर लव्हस्ट्रम असे होते. पडद्यावर संथपणे सरकणाऱ्या, रंग आणि आकार बदलणाऱ्या प्रकाशालाच त्यांनी कलेचे माध्यम मानले आणि या कलेस ‘लुमिया’ असे नाव दिले. तिच्या सादरीकरणासाठी त्यांनी ‘क्लॅव्हिलक्स’ हे यंत्र घडविले. प्रकाशाची कला ही स्वतंत्र कला असून तिला ध्वनीची साथ आवश्यक नाही, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका होती. १९६०च्या दशकात रॉक संगीताच्या कार्यक्रमांतून जे रंगीत प्रकाशाचे खेळ लोकप्रिय झाले, त्यांच्या पूर्वसूरींमध्ये मात्र विल्फ्रेड यांची गणना होते. शांततेचा आग्रह धरणाऱ्या या कलावंताचा प्रभाव अशा रीतीने त्या काळातील सर्वांत मोठ्या आवाजाच्या रंगमंचापर्यंत पोहोचला.

बालपण व शिक्षण

विल्फ्रेड यांचा जन्म डेन्मार्कमधील नेस्टवेड या गावी झाला. त्यांचे वडील छायाचित्रकार होते. भिंग, काच आणि प्रकाश यांचा परिचय त्यांना लहान वयातच झाला. पुढे त्यांनी कोपनहेगन, लंडन आणि पॅरिस येथे संगीत व चित्रकला यांचे शिक्षण घेतले.

प्रकाशाचे त्यांचे पहिले प्रयोग १९०५ सालच्या सुमारास कोपनहेगनमध्ये सुरू झाले. सिगारची रिकामी पेटी, एक लहानसा दिवा आणि रंगीत काचेचे काही तुकडे एवढीच त्यांची सामग्री होती. दिव्यासमोर काचेचे तुकडे हलवून भिंतीवर उमटणाऱ्या रंगांचे ते निरीक्षण करीत. चित्रातील रंग कापडावर स्थिर झालेला असतो. भिंतीवरचा हा रंग मात्र काळाबरोबर बदलत जाई. एखादी सुरावट जशी काळात उलगडते, तसा रंगही उलगडू शकतो, या जाणिवेतून त्यांच्या पुढील कार्याची दिशा ठरली.

ल्यूटवादक म्हणून कारकीर्द

केवळ प्रकाशाच्या प्रयोगांवर उदरनिर्वाह होणे शक्य नव्हते. म्हणून विल्फ्रेड यांनी गायक आणि ल्यूटवादक म्हणून व्यवसाय पत्करला. ल्यूट हे फुगीर पाठीचे, छेडून वाजवावयाचे जुने युरोपीय तंतुवाद्य आहे. त्याच्या साथीने ते युरोपातील जुनी लोकगीते सादर करीत. थॉमस विल्फ्रेड हे नाव त्यांनी याच काळात रंगमंचासाठी घेतले आणि पुढे तेच रूढ झाले.

१९१६ मध्ये ते अमेरिकेत आले. तेथेही प्रारंभी लोकगीतांचे कार्यक्रम हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते. विल्फ्रेड हे स्वतः प्रशिक्षित संगीतकार होते, ही बाब त्यांची भूमिका समजून घेताना महत्त्वाची ठरते. प्रकाशाला संगीतापासून वेगळे ठेवण्याचा त्यांचा आग्रह संगीताच्या अज्ञानातून किंवा अनास्थेतून आलेला नव्हता.

पूर्वपीठिका : रंग आणि स्वर

रंग आणि स्वर यांची सांगड घालण्याचा विचार विल्फ्रेड यांच्यापूर्वी दोन शतके युरोपात चालत आला होता. आयझॅक न्यूटन यांनी वर्णपटाचे सात भाग कल्पून त्यांची सप्तकाशी तुलना केली होती. अठराव्या शतकात फ्रेंच धर्मगुरू लुई बर्त्राँ कास्तेल यांनी प्रत्येक स्वरासाठी एक रंग दाखविणाऱ्या वाद्याची कल्पना मांडली. इंग्लंडमध्ये अलेक्झांडर वॉलेस रिमिंग्टन यांनी १८९३ मध्ये आपल्या ‘कलर ऑर्गन’ या यंत्राचे एकस्व घेतले. रशियन संगीतकार अलेक्झांडर स्क्रियाबिन यांनी ‘प्रोमेथियस’ या रचनेत प्रकाशाच्या वाद्यासाठी स्वतंत्र स्वरलेखन केले. ही रचना १९१५ मध्ये न्यू यॉर्क येथे रंगीत प्रकाशासह सादर झाली होती.

या सर्व प्रयत्नांत एक समान गृहीतक होते. विशिष्ट स्वराला विशिष्ट रंग जोडला, की कानाला मिळणारा आनंद डोळ्यालाही मिळेल, असे ते गृहीतक होय. विल्फ्रेड यांना ते मान्य नव्हते. स्वर आणि रंग यांच्यात असे निश्चित नाते सिद्ध करता येत नाही आणि केवळ रंगांची उघडझाप म्हणजे कला नव्हे, असे त्यांचे मत होते. आकार आणि गती यांच्याविना रंग अपुरा राहतो, असे ते मानीत.

प्रोमेथियन मंडळ

१९१९ च्या सुमारास विल्फ्रेड, वास्तुविशारद क्लॉड ब्रॅग्डन आणि चित्रकार व्हॅन डिअरिंग पेरिन यांनी ‘प्रोमेथियन’ या नावाचे एक लहान मंडळ स्थापन केले. ब्रॅग्डन हे थिऑसॉफी पंथाचे अनुयायी होते. चौथ्या मितीवर त्यांनी ग्रंथलेखन केले होते. रॉचेस्टर आणि न्यू यॉर्क येथील उद्यानांत सामूहिक गायन व रंगीत दिवे यांचे महोत्सवही त्यांनी भरविले होते. वॉल्टर कर्कपॅट्रिक ब्राइस या धनिकाने मंडळाला आर्थिक साहाय्य दिले. लाँग आयलंडवरील हंटिंग्टन येथे असलेल्या त्याच्या जागेत कार्यशाळा उभी राहिली.

प्रकाशाच्या माध्यमातून आध्यात्मिक अनुभव देणारी नवी कला निर्माण करावी, हा मंडळाचा हेतू होता. हे मंडळ फार काळ टिकले नाही. यंत्राची प्रत्यक्ष घडण मात्र विल्फ्रेड यांनी चालू ठेवली.

क्लॅव्हिलक्स

‘क्लॅव्हिलक्स’ हे नाव कळ आणि प्रकाश या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून घेतलेले आहे. कळा चालवून वाजवावयाचे प्रकाशाचे वाद्य, असा त्याचा आशय होतो. यंत्राचे मुख्यतः दोन भाग होते. एका भागात अनेक प्रक्षेपक असत. दुसरा भाग म्हणजे वादकासमोरील कळपट्टी. पियानोच्या कळांप्रमाणे या कळा दाबावयाच्या नसून पुढेमागे सरकवावयाच्या असत. त्यामुळे प्रकाशाची तीव्रता, रंगाची छटा, आकार आणि हालचाल यांत अगदी सूक्ष्म बदल करता येत.

दिव्याचा प्रकाश प्रथम रंगीत काचांतून जाई आणि पुढे भिंगे व वाकविलेले चकचकीत धातूचे पत्रे यांवर पडे. पत्रा किंचित फिरला, तरी त्यावरून परावर्तित होणारा प्रकाश पडद्यावर ताणला जाई, दुमडला जाई किंवा विरून जाई. पडद्यावर दिसणारे आकार कोणत्याही वस्तूची प्रतिमा नसत. धूर, पडदे, ज्वाला, पाकळ्या किंवा ध्रुवीय प्रकाश यांची आठवण व्हावी असे ते असत. पण यांपैकी काहीही प्रत्यक्ष दाखविण्याचा त्यांत प्रयत्न नसे.

विल्फ्रेड यांनी आपल्या रचनांना संगीतकारांप्रमाणे ‘ओपस’ क्रमांक दिले आणि त्या लिहून ठेवण्यासाठी स्वतःची लेखनपद्धती तयार केली. शब्द आणि पद्धती संगीताकडून घेतल्या, तरी कार्यक्रमात संगीत नसे. अंधाऱ्या सभागृहात प्रेक्षकांनी निःशब्द बसून पडद्याकडे पाहावे, अशी त्यांची अपेक्षा असे.

जाहीर प्रयोग व दौरे

क्लॅव्हिलक्सचा पहिला जाहीर प्रयोग १० जानेवारी १९२२ रोजी न्यू यॉर्कमधील नेबरहुड प्लेहाउस या नाट्यगृहात झाला. त्यानंतर विल्फ्रेड यांनी अमेरिका व कॅनडा येथे दौरे केले. १९२५ मध्ये ते युरोपात गेले आणि लंडन, पॅरिस व कोपनहेगन येथे त्यांचे प्रयोग झाले. त्या वर्षी पॅरिसमध्ये आधुनिक शोभाकलांचे प्रसिद्ध आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्या निमित्तानेही क्लॅव्हिलक्सचे सादरीकरण झाले.

१९२६ मध्ये लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या नेतृत्वाखालील फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने सादर केलेल्या रिम्स्की-कोर्साकोव्ह यांच्या ‘शेहेराजाद’ या रचनेला विल्फ्रेड यांनी प्रकाशाची साथ दिली. संगीताबरोबर काम करण्यास त्यांनी पूर्णपणे नकार दिला नव्हता, हे या प्रयोगावरून दिसते. मात्र येथेही प्रत्येक स्वराला एक रंग जोडण्याची जुनी पद्धत त्यांनी स्वीकारली नाही. संगीताशी असे सहकार्य हा त्यांच्या कारकिर्दीतील अपवाद राहिला. त्यांचे मूळ कार्य ध्वनीविरहितच होते.

घरगुती यंत्रे

मोठे क्लॅव्हिलक्स ने-आण करण्यास जड होते आणि ते वाजविण्यासाठी तयार वादक लागे. शिवाय प्रयोग संपला, की त्याचा मागमूस राहत नसे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस विल्फ्रेड घरात ठेवता येतील अशा लहान यंत्रांकडे वळले. ‘क्लॅव्हिलक्स ज्युनियर’ हे यंत्र लाकडी कपाटात बसविलेले असून त्याच्या दर्शनी भागात अर्धपारदर्शक पडदा होता. हाताने रंगविलेल्या काचेच्या तबकड्या बदलून त्यावर वेगवेगळ्या रचना पाहता येत. ग्रामोफोनच्या तबकड्या बदलण्यासारखीच ही सोय होती. पुढे घरोघरी आलेल्या दूरचित्रवाणी संचाशी या कपाटाचे बाह्यरूप आश्चर्यकारकरीत्या जुळते.

ही यंत्रे जागतिक आर्थिक मंदीच्या काळात तयार झाली आणि ती फार थोड्या संख्येने बनली. घराघरांत प्रकाशाची कला नेण्याचे विल्फ्रेड यांचे स्वप्न व्यवहारात उतरले नाही.

आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ लाइट

१९३० मध्ये विल्फ्रेड यांनी ‘आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ लाइट’ ही संस्था स्थापन केली. पुढे न्यू यॉर्कमधील ग्रँड सेंट्रल पॅलेस या इमारतीत तिला जागा मिळाली. तेथे प्रयोगशाळा आणि प्रयोगांसाठी सभागृह होते. विल्फ्रेड तेथे व्याख्याने देत, प्रयोग करीत आणि नव्या यंत्रांची चाचणी घेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही इमारत सैन्यभरतीच्या कामासाठी घेण्यात आली आणि संस्थेचे तेथील कार्य थांबले.

युद्धानंतर त्यांनी आपले विचार लेखांतून मांडले. सौंदर्यशास्त्र व कलासमीक्षा यांना वाहिलेल्या एका अमेरिकन नियतकालिकात १९४७ आणि १९४८ मध्ये त्यांचे लुमियाविषयीचे दोन लेख प्रसिद्ध झाले. आकार, रंग आणि गती हे लुमियाचे तीन घटक असून प्रकाश हे तिचे एकमेव माध्यम आहे, असे प्रतिपादन त्यांनी केले. पडदा म्हणजे चित्राचा सपाट पृष्ठभाग नसून अथांग अवकाशाकडे उघडणारी खिडकी आहे, अशी त्यांची कल्पना होती. कलावंताने त्या खोल अवकाशात घडणारे नाट्य मनाशी रचावे आणि मग ते पडद्यावर आणावे, असे ते सांगत.

स्वयंचलित रचना

कारकिर्दीच्या उत्तरार्धात विल्फ्रेड यांनी वादकाविना चालणाऱ्या रचनांवर भर दिला. अशा रचनेत पेटीच्या आत एक दिवा, हाताने रंगविलेली काचेची चकती, वळविलेले परावर्तक आणि ते फिरविणारी लहान विद्युतयंत्रे असत. प्रत्येक भाग वेगळ्या गतीने फिरे. सर्व भाग पुन्हा मूळ स्थितीत एकाच वेळी येण्यास दीर्घ काळ लागे. त्यामुळे काही मोजक्या फिरत्या भागांतून अतिदीर्घ दृश्यमालिका निर्माण होई. काही रचनांची पूर्ण आवृत्ती संपण्यास दिवस किंवा महिने लागत, तर काहींना कित्येक वर्षे. पाहणाऱ्याला एकदा दिसलेले दृश्य पुन्हा दिसण्याची शक्यता त्यामुळे जवळजवळ नसे.

न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४२ मध्ये त्यांची ‘व्हर्टिकल सीक्वेन्स’ ही रचना संग्रहात घेतली. १९५२ मध्ये याच संग्रहालयाने भरविलेल्या पंधरा अमेरिकन कलावंतांच्या प्रदर्शनात विल्फ्रेड यांचा समावेश होता. जॅक्सन पोलॉक, मार्क रॉथ्को आणि क्लिफर्ड स्टिल हे चित्रकारही त्या प्रदर्शनात होते.

१९६३ मध्ये संग्रहालयाने त्यांच्याकडे एका मोठ्या रचनेची मागणी केली. त्यातून ‘लुमिया सूट, ओपस १५८’ ही रचना सिद्ध झाली. सहा फूट उंच व आठ फूट रुंद पडद्यावर चालणारी ही रचना १९६४ पासून अनेक वर्षे संग्रहालयाच्या एका अंधाऱ्या दालनात सतत दाखविली जात असे. न्यू यॉर्कमधील अनेक तरुणांनी प्रकाशाची कला प्रथम येथेच पाहिली.

रॉक संगीत आणि द्रवप्रकाशाचे खेळ

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याच काळात प्रकाशाचा वेगळा प्रवाह वाढत होता. सॅन फ्रान्सिस्को येथील कलाशिक्षक सेमूर लॉक्स यांनी १९५२ मध्ये वर्गात वापरावयाच्या ओव्हरहेड प्रोजेक्टरवर काचेचे भांडे ठेवून त्यात रंग ढवळले आणि त्यांची हलती प्रतिमा पडद्यावर टाकली. एलियास रोमेरो, बिल हॅम आदी कलावंतांनी ही पद्धत पुढे नेली. १९६६ पासून फिलमोर आणि ॲव्हलॉन या सॅन फ्रान्सिस्कोतील सभागृहांत रॉक वाद्यवृंदांच्या मागे असे खेळ नियमित होऊ लागले. लंडनमध्ये मार्क बॉइल व जोन हिल्स यांनी १९६७ मध्ये यूएफओ क्लब येथे ‘सॉफ्ट मशीन’ या वाद्यवृंदासाठी असेच प्रयोग केले.

या खेळांची कृती साधी होती. घड्याळाच्या काचेसारखी खोलगट मोठी काच प्रोजेक्टरवर ठेवीत आणि तिच्यात रंगविलेले तेल व रंगविलेले पाणी ओतीत. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नसल्यामुळे त्यांचे ठळक कडांचे थेंब आणि वेटोळी बनत. वरून दुसरी काच ठेवून ती तालावर दाबली किंवा फिरविली, की संपूर्ण पडदा संगीताबरोबर धडधडल्यासारखा दिसे. काही कलावंत दोन लहान काचांमध्ये रंग भरून त्या स्लाइड प्रोजेक्टरमध्ये घालीत. तेथे दिव्याच्या उष्णतेने रंग उकळू लागत आणि त्यांचे बुडबुडे पडद्यावर प्रचंड आकाराचे दिसत.

तंत्राच्या दृष्टीने लुमिया आणि द्रवप्रकाशाचे खेळ यांत फरक आहे. लुमियामध्ये द्रव पदार्थ नसतो. तिचे आकार मुख्यतः परावर्तनातून निर्माण होतात आणि त्यांच्या कडा मृदू असतात. तिची गती संथ असून तिला ताल नसतो. मात्र अमूर्त आकार, अखंड बदल, अंधारातील सामूहिक दर्शन आणि प्रकाश हाताने ‘वाजविण्याची’ कल्पना या गोष्टी दोन्हींत समान आहेत.

हा संबंध केवळ साम्यापुरता नाही. न्यू यॉर्कच्या ‘जोशुआ लाइट शो’ या मंडळाचे संस्थापक जोशुआ व्हाइट यांनी म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्फ्रेड यांची रचना पाहिली होती आणि तिचा आपल्यावरील प्रभाव त्यांनी मान्य केला आहे. हे मंडळ ८ मार्च १९६८ रोजी उघडलेल्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहाचे कायमचे प्रकाशमंडळ होते. जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, ‘द हू’ आणि ‘ग्रेटफुल डेड’ अशा कलावंतांच्या मागे, पडद्याच्या पाठीमागून प्रक्षेपण करून, त्यांनी प्रकाशचित्रे रचली. रंगीत द्रव, स्लाइड आणि चित्रपटाचे तुकडे यांच्याबरोबरच परावर्तित प्रकाशाचे तरंगते आकारही ते वापरीत. या आकारांना त्यांनी विल्फ्रेड यांचाच ‘लुमिया’ हा शब्द लावला.

निधन

आयुष्याच्या अखेरच्या काळात विल्फ्रेड न्यू यॉर्क राज्यातील वेस्ट न्यॅक येथे राहत आणि तेथील कार्यशाळेत काम करीत. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. फिलमोर ईस्ट उघडले तेही याच वर्षी. विल्फ्रेड यांनी ज्या कलेला संगीतापासून मुक्त करण्यासाठी पाच दशके खर्च केली, ती कला त्यांच्या मृत्यूच्या वर्षी संगीताच्या साथीनेच हजारो तरुणांपर्यंत पोहोचत होती.

वारसा व जतन

मृत्यूनंतर विल्फ्रेड यांचे नाव काही काळ मागे पडले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ‘लुमिया सूट’ प्रदर्शनातून काढून ठेवण्यात आले. चित्रकला, शिल्पकला, नाट्य किंवा चित्रपट यांपैकी कोणत्याही एका शाखेत त्यांचे कार्य पूर्णपणे बसत नाही, हे या विस्मरणाचे एक कारण मानता येते. दुसरे कारण माध्यमातच आहे. क्लॅव्हिलक्सवरील हाताने केलेले प्रयोग आज पाहता येत नाहीत आणि स्थिर छायाचित्रांतून त्यांची गती कळत नाही.

उरलेल्या स्वयंचलित रचना मोजक्या आहेत. त्यांचे जतन करणेही कठीण आहे. जुन्या तारेच्या दिव्यांचे उत्पादन थांबले आहे आणि अनेक रचनांत दिव्यातील तारेचा आकारच परावर्तित होऊन पडद्यावरील रेषांचे रूप घेतो. त्यामुळे दिवा बदलला, की रचनाही बदलते. दिव्याच्या उष्णतेने रंगीत चकत्यांवरील रंग उडतात आणि झिजलेल्या यंत्रांची गती बदलली, तर भागांचा मूळ मेळ बिघडतो.

२०११ मध्ये प्रदर्शित झालेल्या टेरेन्स मॅलिक दिग्दर्शित ‘द ट्री ऑफ लाइफ’ या चित्रपटाच्या प्रारंभी दिसणारी प्रकाशाकृती विल्फ्रेड यांच्या ‘ओपस १६१’ या रचनेची आहे. २०१७ मध्ये येल विद्यापीठाच्या कलादालनाने त्यांच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरविले. पुढे ते वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्युझियममध्येही नेण्यात आले. या निमित्ताने ‘लुमिया सूट’ दुरुस्त करून पुन्हा चालू करण्यात आले. अनेक दशकांनंतर प्रेक्षकांना ही रचना विल्फ्रेड यांना अभिप्रेत असलेल्या रीतीने, म्हणजे अंधारात आणि संगीताविना, पाहता आली. विल्फ्रेड यांची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या संग्रहात जतन केलेली आहेत.